तीन मुके पंप

अर्जदाराचे नाव : सोबत जोडलेल्या कागदाप्रमाणे. वय : एकसष्ट पूर्ण. व्यवसाय : मोटारदुरुस्ती. उंची : मध्यम. बांधा : गाडीखाली मावेल इतका. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर जुन्या भाजण्याचा डाग. दृष्टी : चष्म्यासह ठीक. श्रवणशक्ती : असाधारण. व्यवसायासाठी वापरात असलेली साधने : पाने, जॅक, हवेचा कॉम्प्रेसर, कान.

गॅरेजच्या परवान्याचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या वर्षी गॅरेजवाल्यांचे छापील अर्ज संपले होते, म्हणून कचेरीने वाहनचालकांचे अर्ज वाटले. मोटार दुरुस्त करणाऱ्याला किती ऐकू येतं याच्याशी कचेरीला काही देणंघेणं नव्हतं. पण रकाना होता, आणि रकाना रिकामा सोडणं कारकुनाच्या स्वभावात नव्हतं. त्याने ‘सामान्य’ लिहायला घेतलं तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या तिघांनी हरकत घेतली. कारकून आत जाऊन साहेबांना विचारून आला. साहेबांची गाडी त्याच आठवड्यात या अर्जदाराच्या हातून बरी होऊन परत गेली होती. ‘असाधारण’ हा शब्द साहेबांचा. साधनांच्या यादीतला ‘कान’ मात्र अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात लिहिला.

लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. खाली गॅरेज, वर घर, मधे मागच्या बाजूने अरुंद जिना. आत दोन गाड्या मावत. तिसरी आली की तिचं तोंड आत आणि बाकीचा देह फूटपाथवर असे. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढलेली होती आणि प्रत्येक पाना आपापल्या रेषेत टांगलेला असे. एखादा जागेवर नसला की भिंतीवर त्याची सावली तेवढी उरे, आणि तो परत येईतोवर मिस्त्रींना चैन पडत नसे.

गाडी आली की मिस्त्री बॉनेट उघडत नसत. ते मागचं दार उघडत, मागच्या सीटवर आडवे होत, गाल सीटला टेकवत, डोळे मिटत आणि मालकाला सांगत, “चावी ऑन करा. सेल्फ मारू नका.”

नवख्या माणसाला वाटे, मिस्त्रींना झोप आली. पण यात शास्त्र होतं. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते आणि पंप टाकीच्या पोटात. चावी एक घर फिरवली की पंपाला करंट मिळतो. तो दोन सेकंद फिरतो, पुढच्या नळीत दाब भरून ठेवतो आणि इंजिन फिरत नाही असं दिसलं की गप्प बसतो. त्या दोन सेकंदांत सीटखालून बारीक ‘गुंऽऽ’ असा आवाज येतो. बाकीच्या जगाला तो आवाज म्हणजे एक माशी. मिस्त्रींना त्यात पंपाचं वय, प्रकृती आणि गाडीच्या मालकाचा स्वभाव ऐकू येत असे. आवाज खरखरीत असला तर टाकीत घाण. आवाज चिरका असला तर मालक लाल दिवा लागल्यावरही चार दिवस गाडी हाकणारा. कारण पंप पेट्रोल पुढे ढकलतो खरा, पण त्याच पेट्रोलात बुडून थंडही राहतो, आणि टाकी कोरडी ठेवणाऱ्याचा पंप तापून तापून लवकर जातो. मिस्त्री सीटवरून उठत आणि मालकाला त्याच्या चिक्कूपणाबद्दल दोन शब्द सुनावत. मालक बायकोकडे पाहत. बायका मिस्त्रींना मानत त्या यामुळेच.

पंपाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली, फिल्टर असतो. मुठीएवढा पत्र्याचा डबा, आत भात्यासारखा घड्या घातलेला कागद. पेट्रोल कागदातून पार होतं, कचरा मागे राहतो. फिल्टरची नोकरी अशी विचित्र की ती जितकी इमानाने करावी तितका तो निकामी होत जातो. भरत आलेला फिल्टर सपाट रस्त्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे इंजिन मागतंच थोडं. चढ लागला की इंजिन जास्त मागतं, पंप जोर लावतो, फिल्टर सोडत नाही, आणि गाडी ऐन मोक्याला दम टाकते. अशा वेळी पंप कण्हतो. हे कण्हणं म्हणजे फिल्टरची तक्रार पंपाच्या तोंडून, असं मिस्त्री समजावून सांगत, आणि ऐकणारा मान डोलावे.

तर असा कान. त्याचा मिस्त्रींना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. “ज्या दिवशी हा कान चुकेल, त्या दिवशी शटर खाली,” हे वाक्य ते स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून म्हणत, केस कापून घेताना म्हणत, आणि एकदा मुलीच्या लग्नात, व्याह्यांकडची सगळी मंडळी जेवत असताना, कुणी विचारलं नसतानाही म्हणाले होते. पंगतीत समोर विहीणबाई बसल्या होत्या. विहीणबाई पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ऐकलेलं विसरण्याची त्यांना सवय नव्हती.

जावयाने पुढे एका वाढदिवसाला सासऱ्यांना प्रेशर गेज भेट दिलं. गोल तबकडी, काटा, रबरी नळी. पंपापासून इंजिनपर्यंतच्या नळीला जोडलं की पेट्रोलचा दाब आकड्यात दाखवणारं. मिस्त्रींनी जावयाचे आभार मानले आणि यंत्र बायकोकडे दिलं. यंत्राची पेटी मजबूत होती. बायको तिच्यात बटणं ठेवू लागली आणि यंत्र पिशवीत घालून कपाटावर टाकलं.

एका बुधवारी सकाळी विहीणबाई स्वतःची गाडी घेऊन आल्या. गाडी पंधरा वर्षांची, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही, तिच्यात गाडीचं सगळं आयुष्य तारीखवार. विहीणबाई दर गुरुवारी टेकडीवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे बुद्धिबळ खेळायला जात. गेले दोन गुरुवार गाडी निम्म्या चढात अडखळली होती आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले होते. पस्तीस वर्षांत त्यांच्यामागे असं कुणी आवाज केलेला नव्हता.

“व्याही, चढाला दम टाकते,” त्या म्हणाल्या. “आणि मागच्या सीटखाली कुणीतरी कण्हतंय.”

मिस्त्री आडवे झाले. विहीणबाईंनी चावी फिरवली. मिस्त्रींना काही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवायला सांगितलं. पुन्हा काही नाही. ते उठून बसले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की पंप मुका झालाय; फिरत असेल, पण त्याच्यात आवाज काढण्याइतकीही ताकद उरलेली नाही. बदलावा लागेल.

विहीणबाई म्हणाल्या, की त्यांना तर आत्ताही ऐकू आलं. मिस्त्री समजुतीने हसले. तो भास असतो, ते म्हणाले, पुढच्या डॅशबोर्डातून असे आवाज येतात. विहीणबाईंनी वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं : ‘व्याही म्हणतात, भास.’ मग चार वाजता येते असं सांगून बसने घरी गेल्या.

पंप बदलताना फिल्टरही बदलायचा, हा मिस्त्रींचाच नियम. पण या गाडीचा आपण मागच्याच वर्षी बदललाय असं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी मागची सीट काढली, टाकीचं झाकण खोललं, जुना पंप बाहेर घेतला, नवा आणून बसवला. चावी फिरवायला शेजारच्या शिंप्याला बोलावलं आणि सीटच्या रिकाम्या चौकटीत डोकं घातलं.

काही नाही.

शिंप्याला खरं तर स्पष्ट गुणगुण ऐकू आली होती. पण मिस्त्री उठून म्हणाले, “मुकाच निघाला,” तेव्हा शिंप्याने विचार केला, की मिस्त्री मुका म्हणतात म्हणजे मुकाच. आपण ऐकलं ते दुसरं काहीतरी असेल. तो आपल्या मशीनवर परत गेला. मोठ्या नावाचा हा एक तोटा असतो.

मिस्त्रींनी नवा पंप काढला, पुसून खोक्यात घातला आणि पार्टवाल्याकडे गेले. पार्टवाला त्यांचा तीस वर्षांचा दोस्त, आणि तीस वर्षांत त्याने मिस्त्रींना कधी धड सुखाने काही दिलेलं नव्हतं. तो म्हणाला, की आता पंपही तुझ्यासमोर तोंड उघडायला घाबरायला लागले, तू येण्याआधी त्यांना समजावून ठेवत जाऊ का. पण खोकं बदलून दिलं.

दुसरा नवा पंप बसवला. शिंपी आला, चावी फिरवली, गुणगुण ऐकली, गप्प राहिला. मिस्त्रींना काही ऐकू आलं नाही. तीन वाजत आले होते. एक जुना आणि दोन नवे, तीन पंप लागोपाठ मुके. असं कधी होत नाही हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी असं होण्याची तीन कारणं मनात शोधली : कारखान्यात गोंधळ झालाय, एकाच लॉटचा माल आलाय, हल्ली वस्तू पूर्वीसारख्या बनत नाहीत. चौथं कारण त्यांच्या डोक्यात आलं नाही, असं ते पुढे सांगत. बायकोच्या मते आलं होतं.

तोही पंप काढून ते पुन्हा दुकानात गेले. काउंटरला चार गिऱ्हाइकं होती. या वेळी पार्टवाल्याने खोकं बदललं नाही. बल्ब तपासायला ठेवलेली बॅटरी त्याने काउंटरखालून वर घेतली, आणि कोरडा पंप क्षणभरापेक्षा जास्त फिरवायचा नसतो, असं गिऱ्हाइकांना सांगून दोन वायरी हातात धरल्या. चारही गिऱ्हाइकांनी एकदम माना वळवून पंपाकडे पाहिलं.

मिस्त्री वाट पाहत होते.

“लाव की,” ते म्हणाले.

पार्टवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग वायरी पुन्हा एकदा टेकवल्या. चौघांच्या भुवया पुन्हा वर गेल्या.

“लावलाय,” तो म्हणाला.

पार्टवाल्याने वायरी गुंडाळल्या, दोन्ही खोकी फळीवर ठेवली आणि कापडाने काउंटर पुसायला लागला, जो स्वच्छच होता. तीस वर्षांत त्याने विनोदाची संधी सोडल्याची ही एकच नोंद आहे.

मिस्त्री चालत परत आले. गॅरेजमध्ये शिरले आणि शटर खाली ओढलं. दिलेला शब्द होता. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. फरक एवढाच, की शटर खाली ओढताना ते स्वतः आतल्या बाजूला उभे होते, कारण विहीणबाईंची गाडी उघड्या टाकीनिशी आत पडली होती आणि अशी गाडी टाकून जाणं त्यांच्याच्याने झालं नसतं.

त्यांनी दिवा लावला. उद्या लोक काय म्हणतील, परवान्याचं काय करायचं, दिवसभर वर घरात बसून माणूस करतो काय, असे सगळे विचार करायला त्यांना वेळ होता. पण हात मोकळे होते, म्हणून त्यांनी जुना पंप परत टाकीत बसवला. बसवता बसवता डोकं चालायला लागलं. मुका कुणीच नव्हता, म्हणजे जुना पंपही बोलत होता. बोलत नव्हता, कण्हत होता. विहीणबाईंनी सकाळी अगदी हाच शब्द वापरला होता. आणि पंप कधी कण्हतो हे त्यांनी आजवर निदान दोनशे जणांना समजावून सांगितलं होतं.

ते गाडीखाली सरकले, नळीतला दाब सोडला, फिल्टर काढला, पेट्रोल निथळू दिलं. मग तोंड लावून फुंकर मारली. चांगल्या फिल्टरमधून फुंकर सुसाट जाते. यातून गेली नाही. मिस्त्रींचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, पलीकडून कसाबसा एक काळा बुडबुडा आला. गाडीच्या कप्प्यातून वही काढून पाहिली. फिल्टर बदलल्याची नोंद चार वर्षांपूर्वीची होती, आणि पुढे कंसात, ‘व्याह्यांच्या हस्ते’.

नवे फिल्टर कपाटात होते. डब्यावरचा बाण इंजिनकडे करून त्यांनी एक बसवला. उरला पंप. तो खरंच फिरतोय का, हे पाहायचं तर चावी फिरवायला हवी. त्यांनी फिरवली आणि झटकन उतरून मागच्या दाराकडे धावले. पोचेपर्यंत दोन सेकंद संपले होते. पुन्हा फिरवली, पुन्हा धावले. एकसष्टी उलटल्यावर दोन सेकंदांत पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर जाता येत नाही, हे तिसऱ्या खेपेला सिद्ध झालं.

बायको चहा घेऊन जिन्यातून आली तेव्हा मिस्त्री गाडीच्या दाराला धरून धापा टाकत होते आणि भर दुपारी शटर बंद होतं. तिने चहा बॉनेटवर ठेवला आणि काय झालं विचारलं. त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, दुकानातलंही. ती ऐकत होती, पण तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसेना.

“तुला माहीत होतं?”

“दोन वर्षं झाली.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तीनदा.”

मिस्त्रींनी चहा प्यायला. मग तिला पुढच्या सीटवर बसवलं. अडतीस वर्षांच्या संसारात ती या गॅरेजमधल्या कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली नव्हती. ती पदर सावरून ताठ बसली.

“चावी ऑन कर. सेल्फ मारू नको.”

“वाजतोय की,” ती लगेच म्हणाली.

मिस्त्री मागे गुडघ्यांवर बसले होते, तळहात टाकीच्या झाकणावर सपाट. तळहाताखाली काहीतरी जागं झालं होतं, बारीक, एकसारखं, न अडखळता, आणि दोन सेकंदांनी थांबलं होतं. त्यांनी तिला पुन्हा फिरवायला सांगितलं. मग पुन्हा. सहाव्या वेळी ती म्हणाली, की अहो, पंप बरा आहे हे मला इथून कळतंय, तुमचं काय चाललंय. ते म्हणाले, की नीट बघतोय. खरं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं.

“ते जावयाचं यंत्र कुठाय?” त्यांनी विचारलं.

ती वर गेली आणि गेज घेऊन आली. नळीत कसं कोण जाणे एक बटण अडकलं होतं, ते काढलं. जोडून चावी फिरवल्यावर काटा उडी मारून आपल्या जागी गेला आणि तिथेच उभा राहिला. मिस्त्रींनी बराच वेळ त्याच्याकडे अविश्वासाने पाहिलं. काटा हलला नाही.

चारला दहा कमी असताना शटरवर थापा पडायला लागल्या. त्या अर्थातच बायकोला ऐकू आल्या. विहीणबाई वेळेआधी आल्या होत्या. शटर वर झालं तेव्हा त्यांनी आधी शटरकडे, मग मिस्त्रींकडे पाहिलं, आणि मुलीच्या लग्नातली ती पंगत दोघांनाही एकदम आठवली.

मिस्त्री सरळ उभे राहिले. बायकोला ते नंतर म्हणाले, की लहानपणी फळ्यासमोर उभं करायचे तसं वाटलं. “विहीणबाई, भास नव्हता,” ते म्हणाले. “पंप कण्हत होता. फिल्टर भरलाय. मला ऐकू आलं नाही. कान चुकला.”

विहीणबाईंनी काळा झालेला फिल्टर हातात घेऊन पाहिला. फुंकर मारायला त्यांनी सभ्यपणे नकार दिला.

“शटर कधी खाली केलंत?” त्यांनी विचारलं.

“तीन वीसला.”

“आणि आता तीन पन्नास. म्हणजे अर्धा तास.” त्यांनी वही उघडली. “ज्या दिवशी कान चुकेल त्या दिवशी शटर खाली, असं तुम्ही म्हणाला होतात. आज चुकला, आज खाली झालं. किती वेळ, हे तुम्ही कुठे म्हणालात? अट पूर्ण झालीय, व्याही.”

बायकोने पदर तोंडाला लावला. मिस्त्रींनी गणित मनात एकदा तपासून पाहिलं. चूक सापडेना. त्यांनी तसा फार शोधही घेतला नाही. विहीणबाईंनी ‘भास’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, बाजूला ‘फिल्टर’ लिहिलं आणि खाली व्याह्यांची सही घेतली.

गुरुवारी गाडी टेकडी न थांबता चढली. तसा फोन आला आणि बायकोने तो घेतला. विहीणबाई बुद्धिबळात हरल्या होत्या, पण तो दोष गाडीचा नव्हता.

पार्टवाला आठवडाभर गप्प राहिला. मग एके दिवशी मिस्त्री काउंटरला आले असताना त्याने ‘काय हवंय’ एवढं कागदावर लिहून पुढे केलं, आणि मिस्त्रींना हायसं वाटलं. सगळं पूर्वीसारखं झालं होतं.

पद्धत मात्र थोडी बदलली. गाडी आली की मिस्त्री अजूनही बॉनेट उघडत नाहीत. ते मागची सीट उचलतात, तळहात झाकणावर ठेवतात आणि डोळे मिटतात. सकाळी स्वयंपाक आटोपला की, अकरानंतर, पुढच्या सीटवर बायको बसते. दोघांचं मत जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर गेज लावतात, आणि गेज बहुतेक वेळा तिच्या बाजूचं असतं. मालकांना त्यांच्या चिक्कूपणाबद्दल आता ती सुनावते. तिचे शब्द दोनपेक्षा जास्त असतात.

पुढच्या नूतनीकरणालाही गॅरेजवाल्यांचे अर्ज आलेले नव्हते. साधनांच्या रकान्यात मिस्त्रींनी ‘कान’ खोडून ‘प्रेशर गेज, तळहात’ असं लिहिलं. श्रवणशक्तीचा रकानाही ते दुरुस्त करणार होते, पण कारकुनाने हात धरला. जुन्या नोंदीतला तो शब्द साहेबांचा होता, साहेबांची बदली झाली होती, आणि बदली झालेल्या साहेबांचा शब्द बदलण्याची तरतूद नियमांत नव्हती. तेव्हा कचेरीच्या दप्तरी सदर अर्जदाराची श्रवणशक्ती असाधारण अशीच कायम आहे, खाली गोल शिक्का आहे, आणि मुदत तीन वर्षांची आहे.

अर्जदाराला कमी ऐकू येतं.